शिल्लक नऊ मिनिटं

ती डिस्क पुरीएवढी आहे. तळहातावर ठेवली तर बोटं मोकळी राहतात. खिडकीपाशी तिरकी धरली की तिच्यावरून आधी हिरवा, मग जांभळा, मग गुलबक्षी रंग सरकत जातो. तशीच थोडा वेळ धरून ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते. मधल्या भोकापासून बाहेर येताना तिचा रंग बऱ्याच अंतरापर्यंत गडद आहे, मग एक बारीक रेघ लागते आणि कडेपर्यंतचा पट्टा फिका राहतो. गडद तेवढं भरलेलं, फिकं तेवढं कोरं. तो फिका पट्टा नऊ मिनिटांचा आहे. ती नऊ मिनिटं मीच शिल्लक ठेवली.

पाकिटावर वसुधाचं अक्षर आहे: ‘नाना, सई, घर. तिसरी.’ वसुधा माझी बायको. सई पाच वर्षांची असताना ती गेली. सई आता नोकरी करते, मी निवृत्त झालो आहे, आणि आम्ही दोघं इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये राहतो. इथे वसुधा कधीच राहिली नाही.

या श्रावणात एका दुपारी सई कपाटातले जुने कागद लावत बसली होती. मधेच तिने विचारलं, “बाबा, आईचा आवाज कसा होता?”

“कसा म्हणजे?”

“म्हणजे बारीक होता, की माझ्यासारखा जाड?”

“बारीक,” मी लगेच म्हणालो.

ती पुन्हा कागद लावू लागली. मी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसून राहिलो. वसुधाची वाक्यं मला आठवतात. कोणत्या दारात उभी राहून ती काय म्हणाली, तेव्हा हातात काय होतं, हेही आठवतं. पण त्या दुपारी कान देऊन ऐकू गेलो तर ती सगळी वाक्यं मनातल्या मनात वाचताना जो एक सपाट, कोणाचाच नसलेला आवाज असतो, त्या आवाजात आली. आवाज नाहीसा झाला होता आणि कधी झाला ते मला कळलंही नव्हतं.

“आपल्याकडे डिस्क आहे,” मी म्हणालो.

सईने माळ्यावरून डीव्हीडी प्लेअर काढला, पुसला, टीव्हीला जोडला. डिस्क आत गेली, घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली की आत डिस्कच नाही.

असं का झालं हे सांगायचं तर कॅमेरा घेण्यापासून सांगावं लागेल, आणि तो घेण्यात माझं सव्वा वर्ष गेलं.

तेव्हा आम्ही पंचवटीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, पहाटे सायकल घेऊन रामकुंडावर जायचे. आमचं घर यात्रेकरूंच्या उपाध्यांचं. मी त्यातून बाहेर पडून कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो होतो. दुपारी नाना परत आले की त्यांच्या उपरण्याला ओल्या दगडाचा, दर्भाचा आणि कापराचा मिळून एक थंड वास यायचा. सई त्यांच्या मांडीवर चढून तो वास घ्यायची. ती नुकती चालायला लागली होती. चालताना डावा हात हवेत धरायची, कोणाचं तरी बोट असल्यासारखा. ते पाहून वसुधा म्हणाली, “हे टिपून ठेवायला हवं. एक व्हिडिओ कॅमेरा घेऊ या ना, परवडेल असा.”

परवडेल असा, या दोन शब्दांनी मी कामाला लागलो. मला कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्याबद्दल वाचावं लागतं. ग्रंथालयात येणारी इंग्रजी मासिकं मी चाळली, शंभर पानी वहीत रकाने आखले. जुन्या पद्धतीची मोठी कॅसेट स्वस्त होती, पण ती जाणारच असं सगळे म्हणत. नव्या लहान कॅसेटचं चित्र सगळ्यांत चांगलं, पण ती बघायला दरवेळी कॅमेराच टीव्हीला जोडायचा, नाहीतर संगणक हवा, आणि तो आमच्याकडे नव्हता. लहान डिस्कवर चित्र जरा उणं आणि एका डिस्कवर तीसच मिनिटं, पण ती काढून सरळ प्लेअरमध्ये घालता येई. हार्डडिस्कवाला कॅमेरा आमच्या ऐपतीबाहेर होता, तरी त्याचाही रकाना मी आखला होता.

मेन रोडवरच्या दुकानात मी दर दोन-तीन शनिवारांनी जायचो. काच सरकवली की नव्या प्लास्टिकचा, थर्माकोलचा आणि सकाळच्या उदबत्तीचा वास बाहेर यायचा. दुकानदार माझ्याच वयाचे, गमतीदार गृहस्थ होते.

“या सर. वही आणलीत?”

“आणली आहे.”

“मागच्या वेळी विचारलंत ते मॉडेल कंपनीने बंद केलं. तुमचा अभ्यास पुरा होईपर्यंत हे पण करतील.”

“मग याच्यानंतर काय येतंय?”

“सर, याच्यानंतर काहीतरी येतंच राहणार. पोरगी कॉलेजात जाईल तोवर.”

मी हसायचो आणि नवी माहितीपत्रकं घेऊन घरी यायचो. वसुधा ती पत्रकं बघायची नाही, माझ्याकडे बघायची.

“लग्नाच्या वेळी माझा एवढा विचार केला होतात का हो?”

“नव्हता.”

“बरं झालं. नाहीतर मी अजून घोटीतच असते.”

घोटी तिचं माहेर. भाताच्या गिरण्यांचं गाव. तिथून आली की तिच्या पिशवीतल्या प्रत्येक कपड्याला नव्या तांदळाचा आणि कोंड्याचा वास असायचा, आणि दोन दिवस घरभर तोच वास राहायचा.

त्या सव्वा वर्षात काय काय निघून गेलं याची यादी मी कुठे ठेवलेली नाही. पण एखाद्या दिवशी तिन्हीसांजेला एकेक गोष्ट वर येते. हवेत धरलेला तो डावा हात एका सकाळी सईने खाली सोडला, तो कायमचाच. नानांना ती ‘तातो’ म्हणायची, तेही गेलं. थंडीत गोदाकाठी धुकं उतरायचं आणि गारठलेल्या बोटांनी वसुधा तिला द्राक्षं सोलून भरवायची. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाड उघडली. रस्त्याखाली वर्षभर बुजवून ठेवलेला तो दगडी हौद त्या दिवशी मोकळा करतात, फुलं उकळून रंग करतात. “रहाडीपर्यंत तरी कॅमेऱ्याचं करा,” वसुधा म्हणाली होती. ते झालं नाही. ती सईला कडेवर घेऊन काठावर उभी होती, कोणीतरी धपकन उडी मारली आणि दोघी पिवळ्या झाल्या. आठवडाभर तिच्या नखांत तो पिवळा रंग होता. उकळलेल्या फुलांचा तो कडवट, गोडसर वास मला अजून येतो. वास येतात. वासांना कॅमेरा लागत नाही, हे माझं नशीब.

शेवटी निर्णय वसुधाने एका वाक्यात केला. “जे लावलं की दिसेल ते घ्या. माझ्या आईला शेजारच्यांच्या प्लेअरवर बघता आलं पाहिजे.” म्हणजे डिस्कचा कॅमेरा. मी वही मिटली.

नानांनी तो हातात घेऊन बघितला. “ही तबकडी किती वर्षं टिकते?”

“कंपनी म्हणते, शंभर.”

“कंपनी किती वर्षांची आहे?”

नाना काही कॅमेऱ्याला हसत नव्हते. त्यांच्या मागच्या कपाटात लाल खारव्यात बांधलेल्या नामावळी होत्या. यात्रेला येणाऱ्या घरांची पिढ्यान् पिढ्यांची नावं त्यांत होती. कोण आलं, कोणाचं कार्य करायला आलं, ते ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. बांधणी सोडली की कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा चुरा खाली पडायचा. कोणी यात्रेकरू आला की नाना दोन मिनिटांत त्याचं पान काढायचे आणि म्हणायचे, “हे बघा तुमच्या पणजोबांचं अक्षर.” मोठमोठी माणसं त्या पानावरून बोट फिरवत बसायची.

त्या वह्यांचा एक नेम होता. प्रत्येक घराच्या शेवटच्या नोंदीखाली चार बोटं जागा कोरी सोडायची. ती जागा पुढे येणाऱ्यांची. घरात माणूस आहे तोवर खाली रेघ मारायची नाही. रेघ मारायची ती घर संपल्यावरच, आणि ती मारताना नाना दौतीवरून हात फिरवून घटकाभर थांबत असत.

कॅमेरा आल्यावर तो नेहमी वसुधाच्या हातात असायचा. मला कोन जमायचा नाही. म्हणून आमच्या डिस्कवर ती दिसत नाही. पहिल्या दोन डिस्क भरल्या, आम्ही त्या कॅमेऱ्यातच ‘बंद’ केल्या आणि घोटीला पाठवल्या. दुकानदारांनी बजावून सांगितलं होतं: डिस्क भरली की ती बंद करायची, तशी एक सूचना कॅमेऱ्यात असते. बंद केली की दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर दिसेल, पण मग तिच्यावर पुन्हा काही घेता येणार नाही. बंद केली नाही तर ती फक्त याच कॅमेऱ्याला कळेल. हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या डिस्कवर एकवीस मिनिटं भरली आणि वसुधा म्हणाली, “एवढी पाठवून देऊ. आई वाट बघतेय.”

“भरली का ती?” नानांनी विचारलं.

“नाही, नऊ मिनिटं आहेत अजून. पण बंद केल्याशिवाय तिकडे लागत नाही.”

नानांनी चष्मा काढला. “जागा शिल्लक आहे आणि बंद करता? घरात लेकरू खेळतंय.”

“नाना, ही नामावळी नाही, डिस्क आहे.”

“नावं आपलीच आहेत ना त्यात?”

वसुधाने माझ्याकडे बघितलं. मी ग्रंथालयातला शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि तरी लहानपणापासून त्या चार बोटं कोऱ्या जागेकडे बघत वाढलो होतो. “भरली की करू,” मी म्हणालो. “नऊ मिनिटांत चांगलं काहीतरी येईल.”

वसुधाने घोटीला पत्र पाठवलं, डिस्क नंतर येतेय म्हणून.

मग जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. फिनेलचा वास, दवाखान्याच्या गॅलरीतल्या लोखंडी बाकावर वाळत घातलेला टॉवेल, आणि सईच्या शाळेच्या डब्यात रोज मी केलेली तीच ती पोळी आणि गूळ. त्या महिन्यांत कॅमेऱ्याला कोणी हात लावला नाही. एकदा, उशीला टेकून बसलेली असताना, वसुधा म्हणाली, “ती डिस्क बंद केलीत का हो?”

“करतो,” मी म्हणालो.

केली नाही. ती होती तेव्हा बंद करणं अशुभ वाटलं, आणि ती गेल्यावर बंद करणं म्हणजे मीच रेघ मारणं होतं. नाना त्यानंतर तीन वर्षं होते. त्यांनी डिस्कचा विषय कधी काढला नाही. कधीकधी मात्र जेवताना ताटावरून हात काढून घेऊन ते त्या कपाटाकडे बघत बसायचे, आणि मला वाटायचं, त्यांच्या मनात तेच आहे. ते गेल्यावर नामावळी चुलतभावाकडे गेल्या. घोटीला सासूबाई गेल्या, घर विकलं, आणि तिकडच्या दोन डिस्क कुठल्या पेटीबरोबर कुठे गेल्या ते कोणालाच सांगता आलं नाही. इकडे घर बदलताना कॅमेरा चार्ज होईना, बॅटरी फुगली होती. मी तो रद्दीवाल्याला दिला. डिस्क आहे, मग यंत्र कशाला, असं मनाशी म्हणालो. लाल शाईने लिहिलेली ती वहीही त्याच पोत्यात होती.

हे सगळं मी सईला सांगितलं तेव्हा तिने डिस्क प्लेअरमधून बाहेर काढून हातात धरली. मग म्हणाली, “म्हणजे आई त्यात आहे. फक्त तोच कॅमेरा हवा.”

तिने पंधरा-वीस दिवस मोबाइलवर शोधाशोध केली. शेवटी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत जुनी यंत्रं दुरुस्त करणारे शकीलभाई निघाले. त्यांच्याकडे तेच मॉडेल होतं. रविवारी सकाळी आम्ही गेलो. बाहेर चौकात गाड्यांचा गोंगाट, आत सोल्डरच्या धुराचा वास, आणि भिंतीला टांगलेले पोटं उघडलेले टेपरेकॉर्डर. शकीलभाईंनी डिस्क प्रकाशात धरली.

“ठेवली चांगली तुम्ही. पण खुली हाय ही. बंद का नाय केली?”

“राहून गेलं,” मी म्हणालो.

त्यांनी ती कॅमेऱ्यात घातली. बराच वेळ आत काहीतरी चाचपडलं. मग तळहाताएवढ्या पडद्यावर नाना दिसले. मांडीवर नामावळी, ओठ हलताहेत. सईचा हात माझ्या दंडावर आला. मी वाकून कान जवळ नेला.

“आवाज नाय येणार,” शकीलभाई म्हणाले. “मुकं हाय हे मशीन. आवाजाचं कामच जळलंय त्याचं. वायर लावा नाहीतर काय पण करा. ऐकायची असेल तर डिस्क बंद करून तुमच्या प्लेअरवर लावायची.”

“मग करू या ना बंद,” सई म्हणाली.

“बेटा, सांगून ठेवतो. जुनी डिस्क, जुनी लेन्स. मधेच अटकली तर आहे ते पण जाईल. चित्र बघायचं तर आता बघून घ्या, मोबाइलवर उतरवून घ्या. पुढचं तुम्ही ठरवा.”

सईने मोबाइल धरून सगळं उतरवलं. नाना वाचताहेत. पाच वर्षांची सई दोरीवरच्या उड्या मारते, तिसऱ्या उडीला अडकते, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विचारते. गॅलरीतली तुळस. कुठेही आवाज नाही. मुकी नात, मुके आजोबा. तिने मोबाइल खाली केला.

“यात आई नाहीये, बाबा.”

“ती मागे आहे. कॅमेरा तिच्या हातात आहे.”

शकीलभाई माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: विचार करून सांगतो. आयुष्यभर मी ते दुकानांत, कचेऱ्यांत, दवाखान्यात म्हणत आलो. सईने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. ती नजर वळवून भिंतीवरच्या टेपरेकॉर्डरांकडे बघू लागली.

“करा बंद,” मी म्हणालो.

त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याने पुन्हा विचारलं, यानंतर काही घेता येणार नाही, चालेल का. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पडद्यावर एक पट्टी भरत गेली. निम्म्यावर ती थांबली आणि आतून खरखर आली. शकीलभाईंनी कॅमेऱ्यावर हात ठेवला नाही, नुसता वर धरून ठेवला, झोपलेल्या मुलाच्या कपाळाजवळ धरतात तसा. मग पट्टी पुढे सरकली.

दुपारी घरी डिस्क लावली तेव्हा टीव्हीवर सहा छोटी चित्रं एका रांगेत आली. सईने पहिलं निवडलं.

“नाना, पान जरा वर धरा,” कोणीतरी म्हणालं. “हं. असं. आता वाचा.”

आवाज बारीक नव्हता. खालचा होता, किंचित घोगरा, सर्दीतून नुकताच बरा झाल्यासारखा. मी तो ओळखला नाही. इतकी वर्षं मी ज्या आवाजाला वसुधाचा म्हणत होतो तो बहुधा तिच्या आईचा होता. वसुधा गेल्यावर दर रविवारी घोटीहून फोनवर येणारा.

“जाड आहे,” सई हळूच म्हणाली.

“हो.”

आम्ही एकेक चित्र लावत गेलो. “सई, दोरी मोठी झालीय का गं?” “नाना, चष्मा.” “थांब, आत्ताच नको हात हलवू.” तिच्या वाट्याला आलेली वाक्यं एवढीच, सगळी दुसऱ्या कोणासाठी. सईने प्रत्येक वाक्य दोनदा ऐकलं.

शेवटचं चित्र नुसत्या फरशीचं होतं. कॅमेरा खुर्चीवर ठेवताना ती थांबवायला विसरली असावी. आडवी फरशी, टेबलाचा एक पाय, आणि त्याच्यापलीकडे माझं पाऊल. मी आरामखुर्चीत बसलो आहे. अंगठा हलतो आहे, वाचताना हलतो तसा. आतून भांड्याचा आवाज येतो.

“अहो, चहा टाकू का?”

पान उलटल्याचा आवाज. अंगठा हलतो आहे.

“अहो, विचारतेय मी. घेणार का चहा?”

खाली रस्त्यावरून कोणीतरी भाजी ओरडत जातं. तो आवाज दूर जाईपर्यंत काहीच होत नाही. मग आतून ती म्हणते, “राहू दे.” पावलं येतात, पातळाचे निळे काठ, आणि सगळा पडदा झाकणारा तिचा तळहात. “अगं बाई, हे चालूच राहिलंय.” तिथे ते संपतं.

सईने रिमोट मांडीवर ठेवला. सहा चित्रं पुन्हा रांगेत आली.

“बाबा, तुम्हाला ऐकू गेलं नव्हतं का?”

“गेलं होतं,” मी म्हणालो.